तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

पूर्वी आपल्याकडे ‘गाडी घ्यावी की नको’ असा प्रश्न पडत असे. आता तो ‘किती रांगांची घ्यावी’ असा पडतो. प्रश्नाचे हे रूपांतर वाटते तितके साधे नाही. दोन रांगांची गाडी घेणारा माणूस आपली सोय पाहतो, खिशाचा अंदाज घेतो आणि मोकळा होतो. तीन रांगांची गाडी घेणारा मात्र शोरूममध्ये शिरताना सगळे घराणे बरोबर घेऊन शिरतो. आई, बायको, मुले, सुना, नातवंडे, माहेरवाशिणी, पाव्हणेरावळे या साऱ्यांच्या नावाने तो ती गाडी मागतो. इतक्या माणसांची नावे घेऊन जो व्यवहार होतो तो नुसता पैशाचा राहात नाही. त्यात नीतीचा प्रश्न शिरतो, आणि त्याचाच विचार येथे करायचा आहे.

सात-आठ माणसांची गाडी आपल्या भागाला नवी नाही. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला वडाप म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कमांडर, ट्रॅक्स, मार्शल या गाड्यांनी आमच्या दोन पिढ्या शाळा-कॉलेजात, बाजारात आणि जत्रांना पोचवल्या. नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा माणसे बसत, वर ‘बसा की, जागा हाय’ असे सोळाव्याला आग्रहाचे आमंत्रण असे. १९९४ साली टाटांची सुमो आली. (सुमंत मुळगावकर या टाटांच्या मोटार-कारखान्याच्या शिल्पकाराच्या नाव-आडनावांतली पहिली अक्षरे घेऊन हे नाव बेतले होते. जपानी पैलवानांशी त्याचा काही संबंध नाही, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते.) २००० साली क्वालिस, २००५ साली इनोव्हा, २०१२ साली अर्टिगा, असे करीत ही तिसरी रांग भाड्याच्या धंद्यातून हळूहळू आमच्या अंगणात आली. वडापमध्ये मागच्या रांगेत अनोळखी माणूस बसे आणि त्याच्या गुडघ्याला आपला गुडघा लागे. घरच्या गाडीत त्या जागी आपलेच माणूस बसणार असते. ते कोण, हे मात्र शोरूममध्ये कोणी विचारत नाही.

माझ्या चुलतभावाच्या घरी सध्या हाच विषय चालला आहे. घर शहापूर भागातले, गल्ली जुनी, शेजार अर्धा मराठी आणि अर्धा कन्नड. घरात माणसे मोजून सात. चुलतभाऊ, वहिनी, त्यांचा मुलगा म्हणजे माझा पुतण्या, सूनबाई, दोन मुले आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या काकू. दारात एक लहान गाडी आहे. पुतण्याच्या मनात सात जणांची मोठी गाडी भरली आहे. मी चाळीस वर्षे मास्तरकी केली, तेव्हा अशा वेळी ‘काका, तुमचं मत काय?’ असे विचारले जाते. मत विचारणारा बहुधा होकार मागत असतो, हे मला कळते. तरीही विचारले म्हणून विचार केला.

पहिला विचार अर्थातच पैशाचा, आणि तो लवकर उरकतो. पुतण्याने पाहिलेल्या गाडीची शोरूममधली किंमत एकोणीस लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे या एकोणीस लाखांत सुमारे ५ लाख ४३ हजार रुपये सरकारचेच. त्यावर कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीला १७ टक्के लाइफ टॅक्स, तो ३ लाख २३ हजार. विमा आणि उरलेसुरले धरून तेवीस लाखांच्या आसपास मामला जातो. त्यातले पंधरा लाख कर्ज काढायचे. ते ९ टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता २४ हजारांवर बसतो आणि व्याजापोटीच सव्वापाच लाख जातात. आता भाड्याची सात जणांची गाडी किलोमीटरला वीस रुपये धरा. बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर. जाऊन येऊन ४,४०० रुपये. एका हप्त्याच्या पैशात दर महिन्याला कोल्हापूरच्या पाच खेपा होतात, आणि त्यात डिझेल व ड्रायव्हर दोन्ही आले. आमच्याकडे ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ म्हणतात, शेजारचे गृहस्थ कन्नडात ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ म्हणतात. दोन्ही भाषांना अंथरूणच आठवावे, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

इव्हान इलिच नावाच्या विचारवंताने १९७४ साली ‘एनर्जी अँड इक्विटी’ या पुस्तकात एक विलक्षण हिशेब मांडला होता. अमेरिकेतला सामान्य पुरुष गाडी चालवण्यात, ती उभी करण्यात आणि तिच्यासाठी पैसे मिळवण्यात वर्षाला सोळाशे तास घालवतो आणि साडेसात हजार मैल जातो. म्हणजे खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी. तो जवळजवळ पायी चालण्याचाच झाला. पुतण्याच्या हाती महिन्याला सत्तर हजार पडतात. त्याला मी म्हटले, ‘महिन्याचे दहा दिवस तू गाडीची चाकरी करणार.’ तो हसला. म्हणाला, ‘काका, बाकीचे वीस दिवस कुणाची करतो?’ उत्तर चोख होते आणि माझ्याजवळ त्यावर काही नव्हते.

वस्तुतः पैशाचा हिशेब या प्रश्नाच्या गाभ्याशी पोचतच नाही. माणसे तोट्याची कामे करतात आणि त्यांतली काही फार सुंदर असतात. लग्न, दिवाळी, दिवाळी अंक, यांतले कोणते हिशेबात बसते? तेव्हा परवडत नाही एवढ्यावरून गाडी वाईट ठरत नाही. प्रश्न ती कशासाठी घ्यायची हा आहे.

‘आज्जीसाठी’, असे पुतण्या म्हणाला. काकूंना पंढरपूर दाखवायचे आहे, कुलदेवाला न्यायचे आहे, दवाखान्यात नेताना लहान गाडीत त्यांचे पाय आखडतात. ऐकायला फार बरे वाटले. पण गाडी पाहायला गेलो तेव्हा काकूही बरोबर होत्या, आणि त्या उंच गाडीत त्यांना चढताच येईना. पाय वर उचलेना, धरायला कडी हाताशी येईना. शेवटी ‘मी इथंच उभी ऱ्हाते, तुम्ही बघा’ म्हणून त्या पंख्याखाली बसल्या. लहान गाडीत त्या नुसत्या मागे टेकतात आणि पाय आत घेतात. शोरूममधला मुलगा मोठा नम्र होता. ‘पायरी लावून देतो, आज्जी,’ असे त्याने मराठीत सांगितले आणि साहेबाला कन्नडात तिची किंमत विचारली.

कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली नीतीची जी कसोटी सांगितली, तिचा आशय असा की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. आपण हे वाचतो तेव्हा गुलामगिरी, वेठबिगारी असली मोठी पापे डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या हौसेला शोभेसे कारण हवे म्हणून म्हाताऱ्या आईचे, आजीचे नाव पुढे करणे, हाही माणसाला साधन करण्याचाच प्रकार आहे. लहानसा, घरगुती, प्रेमळ दिसणारा, म्हणून नजरेत न भरणारा. (कांट स्वतः आपल्या गावाबाहेर फारसा कधी गेलाच नाही, रोज ठरल्या वेळी पायी फिरे. त्याला वाहनाचा मोह कळला नसेल, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.)

‘हौस आहे म्हणून घेतो’ असे जर कोणी सरळ म्हटले तर मला त्यात काही अनैतिक दिसत नाही. हौस हा उघड व्यवहार आहे. तिची किंमत आपण मोजतो आणि तिचे समाधान आपल्याला मिळते. घोटाळा होतो तो हौसेने कर्तव्याचा अंगरखा घातला की. कारण मग तिला कोणी अडवू शकत नाही. ‘नको’ म्हणणारा आज्जीच्या पंढरपूरच्या आड येणारा ठरतो.

म्हणून मी पुतण्याला एक साधे काम सांगितले. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत पाचांहून अधिक माणसे एकत्र कुठे कुठे गेली, ते सूनबाईला बरोबर घेऊन लिहून काढ. दोघांनी कॅलेंडर समोर ठेवून यादी केली. चार वेळा. एक लग्न, एक बारसे, एक दहावे आणि गोव्याची सहल. त्यांतल्या दहाव्याला दोन गाड्या झाल्याच असत्या, कारण माणसे अकरा होती. उरलेले तीन दिवस. बाकीच्या ३६२ दिवसांत तिसरी रांग मुडपून ठेवायची आणि तिच्यावर भाजीची पिशवी ठेवायची.

यादी करताना पुतण्या मध्येच थांबला आणि म्हणाला, ‘काका, मी आठवीत होतो. आत्याच्या गावच्या जत्रेहून येताना वडापच्या मागच्या पायरीवर लोंबकळत आलो. पाऊस होता. आत बाबा होते, त्यांनी माझं मनगट धरलं होतं. संकेश्वरपासून हत्तरगीपर्यंत सोडलं नाही.’ एवढेच म्हणाला. व्हेब्लेन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ खर्चाची मीमांसा केली आणि श्रीमंती दाखवण्यासाठी माणूस कसा उधळतो ते सांगितले. ते खरे आहेच. पण आपल्याकडच्या मोठ्या गाडीमागे नुसता दिखावा असतो असे मला वाटत नाही. ज्याने पायरीवर उभे राहून पावसात प्रवास केला त्याला आपली मुले काचेच्या आत, कोरडी, पाय सोडून बसलेली पाहायची असतात. ही इच्छा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिला मान दिल्यावाचून या विषयावर बोलण्याचा अधिकार मिळत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्याचे मनात आले तिच्याकडे येतो.

तेवीस लाखांतले कर्जाचे पंधरा सोडले तर उरलेले आठ लाख कुठून येणार? काकांच्या मागे राहिलेल्या वडिलोपार्जित जमिनीतला रस्त्याकडेचा तुकडा विकायचा ठरला आहे. त्यातून घराची दुरुस्ती आणि गाडीचे आठ लाख. चुलतभावाला दोन बहिणी. थोरली आक्का गडहिंग्लजला दिलेली, म्हणजे महाराष्ट्रात. धाकटी ताई संकेश्वरला, म्हणजे कर्नाटकात. दोघींच्या घरांत अंतर पंधरा किलोमीटरांच्या आत, आणि मध्ये राज्याची हद्द. दोघींनी हक्कसोडपत्रावर सही करायची, असे घरात गृहीत धरलेले आहे. कोणी दुष्टपणाने गृहीत धरले आहे असे नाही. आपल्याकडे ते तसेच धरतात.

कायदा काय म्हणतो? १९९४ साली, म्हणजे सुमो आली त्याच वर्षी, सव्वा महिन्याच्या अंतराने महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला. महाराष्ट्राचा कायदा २२ जूनपासून, कर्नाटकाचा ३० जुलैपासून. सीमेच्या दोन्ही बाजूंची सरकारे एकाच वर्षी एकाच गोष्टीवर एकमत झाल्याची उदाहरणे फार नाहीत, त्यांतले हे एक. पण ज्यांची लग्ने आधी झाली होती त्यांना त्यातून वगळले होते. आक्काचे लग्न १९७६ सालचे, ती सुटली. ताईचे १९९५ सालचे, ती बसली. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद पुसला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. कायद्याचे पान असे पुरते स्वच्छ आहे. जमिनीचा कागद मात्र कन्नडात आहे, आणि आक्का मराठी शाळेत शिकून महाराष्ट्रात नांदायला गेलेली. ती सही करील ती भावाने तोंडी सांगितलेल्या मराठीवर.

‘आक्काला काय कमी आहे?’ असे चुलतभाऊ म्हणाला. आणि मग म्हणाला, ‘गाडी आली की दोघींना पंढरपूरला, तुळजापूरला फिरवून आणतो की. तिसरी रांग कशाला आहे?’

हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि दोन दिवस ते मनातून जाईना. त्यात लबाडी नव्हती. माणूस मनापासून बोलत होता. पण त्याचा अर्थ उलगडून पाहिला तर काय निघतो? जमिनीतला जो भाग बहिणीचा आहे तो गाडीत जाणार, आणि त्या गाडीतली मागची जागा बहिणीला मायेने मिळणार. जे हक्काने तिचे आहे तेच उपकार होऊन तिच्याकडे परत येणार, तेही वर्षातून एकदा, भावाच्या सवडीने. शिवाय घरची माणसेच मोजून सात. सगळे घर निघाले तर आक्का आणि ताई कुठे बसणार? सातांची गाडी घरच्या सातांनीच भरते. त्या दोघींसाठी जी रांग दाखवली जाते ती मुळात रिकामीच नाही.

तिसरी रांग म्हणजे नेमके काय, हेही पाहिले पाहिजे. मागच्या चाकांवर ती येते, म्हणून तिथला तळ उंच असतो आणि बसणाऱ्याचे गुडघे छातीशी येतात. तिथे जायचे तर मधली सीट वाकवून, अंग चोरून शिरावे लागते. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात सर्वांत जास्त मळमळते ते तिथेच. ती उभी केली की बहुतेक गाड्यांत सामानाला जागा उरत नाही, म्हणून बॅगाही तिथल्याच माणसाच्या मांडीवर. आपल्या घरांत या रांगेत कोण बसते ते आठवून पाहा. जावई बसत नाहीत. घराचा कर्ता बसत नाही. अविवाहित आत्या, धाकटी सून, लहान मुले, आणि ‘मला काय, कुठंही चालतं’ म्हणणारी बहीण बसते. घराची उतरंड कोणी कागदावर मांडत नाही, पण गाडीचे दरवाजे उघडले की ती आपोआप मांडली जाते. (हल्ली काही गाड्यांत मधल्या रांगेत दोनच ऐसपैस खुर्च्या असतात, त्यांना कॅप्टन सीट म्हणतात. सातांची गाडी सहांची होते आणि काही ठिकाणी किंमत वाढते. एक माणूस कमी करण्यासाठी जास्त पैसे, हे गणित मला जमलेले नाही.)

आपल्या परंपरेत अपरिग्रहाला मोठे स्थान आहे. पतंजलीच्या पाच यमांत तो आहे, आणि गांधी-विनोबांनी त्याला आपल्या काळात पुन्हा उभे केले. माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडणाऱ्या बहिणीचे आपण याच शब्दांत कौतुक करतो. किती निर्लोभी, किती मोठ्या मनाची. पण अपरिग्रह म्हणजे हातात असलेले सोडणे. जे कधी हातात दिलेच नाही ते सोडण्याला त्याग म्हणता येत नाही. आक्काने पैसे हातात घेऊन, मोजून, दोन दिवस आपल्या कपाटात ठेवून, मग ‘दादा, तुझ्या नातवंडांसाठी ठेव’ म्हटले तर तो त्याग. तिला कागद कुठे उलटायचा आणि अंगठ्याशेजारी सही कुठे करायची एवढेच दाखवणे हे दुसरेच काही आहे. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही भाऊबीजेच्या ताटात घालून आपण तिला प्रेम म्हणतो, आणि त्या ताटात ओवाळणी मात्र साडीची पडते.

म्हणून माझे मत मी स्पष्ट सांगितले. जमीन विका, त्याला माझी हरकत नाही. काकूंचा, तुझा, आक्काचा, ताईचा असे सरळ वाटे करा आणि ज्याचे त्याच्या हातात द्या. मग तुझ्या वाट्यातून कोणती गाडी येते ती घे. तीन रांगांची आली तर तीन, दोन रांगांची आली तर दोन. त्या गाडीत आक्का बसेल तेव्हा ती कुणाची उपकृत नसेल, नुसती भावाच्या गाडीत बसलेली बहीण असेल. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘माझ्या माहेरच्या कागदावर मी सही केली तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं.’ चहा गार झाला होता, तो त्यांनी परत गरम करून आणला.

या प्रश्नाला घराबाहेरचीही एक बाजू आहे. ही गाडी पावणेदोन टनांची असते. सत्तर किलोचा माणूस एकटाच भाजी आणायला निघाला तर स्वतःच्या पंचवीसपट लोखंड हलवतो. आतल्यांना ते वजन सुरक्षित वाटते, पण टक्कर दोघांची असते. मिशेल व्हाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००४ साली तिकडच्या अपघातांचा अभ्यास मांडला. मोठ्या गाडीतल्यांचा एक प्राणघातक अपघात टळतो त्या बदल्यात इतरांचे असे चाराहून अधिक अपघात वाढतात, असा त्याचा निष्कर्ष होता. ते रस्ते वेगळे आणि आपले वेगळे हे मान्य. पण आपल्या रस्त्यावर तर समोर मोपेडवर तिघे, सायकलवर दूधवाला आणि कडेने चालणारी शाळेची पोरे असतात. माझ्या नातवाची सुरक्षितता मी दुसऱ्याच्या नातवाकडून विकत घेत नाही ना, हे निदान एकदा स्वतःला विचारावे.

आतल्यांचेही तेच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी उत्तमांतली उत्तम होती. मागच्या माणसाने पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड, असा कायदा २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. तरी आपल्याकडे सातांच्या गाडीत दहा बसतात. ‘पोराला मांडीवर घे की’ हे आपले ब्रीदवाक्य. पंगतीला एक पान वाढवता येते, कारण भाताला नियम नाहीत. गाडीला आहेत.

गल्लीचेही पाहिले पाहिजे. आमच्या जुन्या गल्ल्या विणकरांच्या मागांसाठी आणि बैलगाडीच्या मापाने झालेल्या. तिथे साडेचार मीटरहून लांब गाडी उभी राहिली की शेजाऱ्याच्या दारातली रांगोळीची जागा जाते. ती जागा गल्लीची असते, तिचा सातबारा कुणाकडे नसतो, म्हणून ती घेतल्याचे पाप कुणाला लागत नाही.

एवढे सगळे म्हटल्यावर दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. मोठी गाडी योग्य असते अशी घरे मी पाहिली आहेत. आमच्याच गल्लीत एका घरी चाकाची खुर्ची लागणारे वडील, दोन जुळी मुले आणि विधवा बहीण असे सगळे एकत्र राहतात. त्यांची तिसरी रांग आठवड्यातून चार दिवस भरलेली असते. रात्री-अपरात्री कुणाची सून बाळंतपणाला न्यायची असली तर पहिली हाक त्यांनाच जाते आणि किल्ली खुंटीवरच असते. ती गाडी एका घराच्या नावावर असली तरी अर्धी गल्लीची आहे. गांधींना जी विश्वस्ताची कल्पना अभिप्रेत होती तिच्या हे बरेच जवळ येते, आणि त्या घरातल्या कुणी गांधी वाचल्याचे मला माहीत नाही.

शिवाय आपल्या भागाची म्हणून एक अडचण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांतल्या एसट्या तणावामुळे काही दिवस थांबल्या. लेक कोल्हापूरला आणि आई बेळगावला अशी ज्यांची अवस्था त्यांना त्या दिवसांत आपले वाहन म्हणजे काय हे कळले. एरवी ताईला ११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या बसने संकेश्वरहून बेळगावला यायला तिकीट पडत नाही. आक्का त्याच बसमध्ये शेजारी बसली तर तिला पडते. सख्ख्या बहिणी, एक सीट, एक तिकीट.

जाता जाता नंबराविषयी. गाडी कोल्हापूरच्या मेव्हण्याच्या नावावर घेतली तर कर वाचतो, असे सल्ले आमच्याकडे चहाबरोबर मिळतात. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर नंबर इथला घ्यावा लागतो, हे सांगितले की सल्ला देणारा दुसरीकडे पाहतो. ज्या रस्त्यावर रोज जायचे त्याचा कर चुकवून मग खड्ड्यांवर लेख लिहायचे, हे मला तरी जमणार नाही.

पाडव्याचा मुहूर्त धरायचा होता. पुतण्याने बुकिंग पुढे ढकलले आहे, रद्द केलेले नाही. चुलतभाऊ चार दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, पाचव्या दिवशी जमिनीचा कागद घेऊन आला. ‘तुला कन्नड वाचता येतं, तू आक्काला सगळा वाचून दाखव, मग ती काय म्हणंल ते म्हणंल,’ म्हणाला. येत्या रविवारी गडहिंग्लजला जायचे आहे. मी एसटीने निघणार होतो, तर पुतण्या म्हणाला, ‘काका, मी सोडतो. बाबा पण येतायत.’ वाटेत संकेश्वरला ताईला घ्यायचे. माणसे चार होतात. जुन्या गाडीत ती बसतात.